शिडाची हॅलयार्ड: तारेचीच ठेवावी की दोराची करावी?

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना परत परत विचारावं लागणार नाही.

आम्ही चौघांनी मिळून गेल्या दिवाळीत एक जुनी शिडाची बोट घेतली. चोवीस फुटी, फायबरची. एकच डोलकाठी, मागे मोठं शीड, पुढे लहान शीड, म्हणजे जिब. बोट रत्नागिरीला ताडपत्रीखाली आहे. डोलकाठी मात्र पावसाच्या आधी उतरवली आणि आंबा घाटाने कोल्हापुरात आणली, कारण कातकाम करणारे ओळखीचे हात इथे आहेत. सध्या ती शिरोलीत एका मित्राच्या गोडाऊनमध्ये आडवी पडलीय. अॅल्युमिनियमची, साधारण नऊ मीटर लांब.

प्रश्न हॅलयार्डचा आहे. ज्यांचा या विषयाशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: शीड वर चढवायची दोरी ती हॅलयार्ड. ती शिडाच्या वरच्या टोकाला अडकवलेली असते, डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीवरून वळते, काठीच्या पोटातून खाली उतरते आणि विंचच्या, म्हणजे हँडलने फिरवायच्या रहाटाच्या, ड्रमवर गुंडाळली जाते.

आमच्या दोन्ही हॅलयार्ड जुन्या पद्धतीच्या आहेत. अर्धा भाग ४ मिलिमीटरची स्टेनलेस तार, अर्धा दोर, आणि मधे दोन्ही एकमेकांत विणलेले. मोठ्या शिडाच्या तारेला तीन ठिकाणी काटे आलेत. परवा नुसता हात फिरवला तर तळहात फाटला. विणीच्या जागी तांबूस डाग आहे.

चौघांत दोन तट पडलेत. दोघे म्हणतात, जशी होती तशी नवी तार घालू, इतकी वर्षं चाललीच ना. दोघांना पूर्ण दोर हवाय. मी दोराच्या बाजूने आहे, पण छातीठोक कारण माझ्याकडे नाही. दसऱ्याच्या सुमाराला काठी परत उभी करायची आहे.

मिऱ्याचा_वारा | रविवार, रात्री ९:४५

तार काढा. सविस्तर उद्या लिहितो, आता पहाटे निघायचंय.

क्रेनवाला_काका | रविवार, रात्री १०:२०

मी बत्तीस वर्षं साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो. समुद्रातलं मला कळत नाही, पण वायर रोप कळतो. काटे आले म्हणजे ती वायर बाद. यावर चर्चाच नको. उद्या काठीवर चढायची वेळ आली तर याच दोरीला माणूस लटकणार आहे.

पण नवी वायर की दोर हे ठरवायच्या आधी दोन गोष्टी मोजून सांगा.

एक, वायरची बांधणी. टोक सोडवून लडी मोजा. सात लडी आणि प्रत्येक लडीत एकोणीस तारा असतील तर ती ७ बाय १९, पुलीवरून वळायला केलेली. नुसत्या एकोणीस जाड तारांची एकच लड असेल तर ती १ बाय १९. ती काठीला उभं धरणाऱ्या ताणांसाठी असते, पुलीवरून कधीच फिरवायची नाही.

दोन, शेंड्यावरच्या पुलीचा व्यास. आमच्याकडे साधा हिशेब असायचा: स्टेनलेस वायर असेल तर पुली वायरच्या निदान वीसपट हवी. ४ मिलिमीटरला ८० मिलिमीटर. त्याहून लहान असेल तर वायर वजनाने तुटत नाही, वळून वळून तुटते.

आणि तुटलेल्या तारा नेमक्या कुठे आहेत ते बघा. शीड पूर्ण वर असताना वायरचा जो भाग पुलीवर बसतो, तिथेच असतील तर तुमचा गुन्हेगार वायर नसून पुली आहे.

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ८:३०

काका, आज गोडाऊनला जाऊन मोजलं. तार ७ बाय १९ निघाली. पुली ६५ मिलिमीटर, म्हणजे सोळापट. आणि तिन्ही काटे वीतभर जागेत आहेत. शिडाच्या टोकापासून अंतर लावून पाहिलं तर तो भाग बरोबर पुलीवर येतो. तुम्ही गोडाऊन न बघता सांगितलंत, आम्ही महिनाभर समोर उभे राहून ओळखलं नव्हतं.

ऊसकरी | सोमवार, रात्री ९:०५

आमच्या आजोबांच्या मोटेवर हेच. नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, झिजला की आजोबा आधी नाड्याकडं बघायचे न्हाईत, चाकाकडं बघायचे. चाकाची खाच खरबरीत झाली की नवा नाडा पण हंगामभरात खाल्ला जायचा. सोंदूर, म्हणजे मोटेच्या सोंडेचा बारीक दोर, मात्र वर्षानुवर्षं चालायचा, कारण त्याच्यावर भार कमी. एवढंच सांगायचं होतं.

शीडवाली | सोमवार, रात्री १०:४०

खूप छान धागा. मी पुण्यात खडकवासल्याच्या पाण्यावर एंटरप्राइज जातीच्या होडीवर शिकले, आता वर्षातून दोनतीनदा गोव्याला जाते. मला सुचतं ते लिहिते.

तार हॅलयार्डमध्ये आली कशी, हे आधी समजून घेऊ या. जुन्या लोकांनी ती हौसेने घातली नव्हती. तेव्हा पर्याय पॉलिएस्टरचा होता आणि त्याआधी नायलॉनचा, आणि दोन्ही ताणले की लांबतात. नायलॉन तर इतकं लांबतं की ते नांगराच्या दोरालाच शोभतं. पॉलिएस्टरची दोरी कामाच्या भाराला दोन टक्के जरी लांबली तरी दहा मीटरला वीस सेंटिमीटर होतात. तार त्यामानाने फारच कमी लांबते.

या वीस सेंटिमीटरने काय बिघडतं? वाऱ्याचा झोत आला की शीड भरतं आणि हॅलयार्डवर ओढ येते. दोरी लांबली की शिडाची पुढची कड ढिली पडते, तिच्यावर आडव्या सुरकुत्या येतात आणि शिडाचं पोट मागे सरकतं. वारा वाढल्यावर शीड चपटं हवं असतं, नेमकं तेव्हाच ते फुगतं. बोट पुढे जायच्या ऐवजी कलते आणि सुकाणू हाताला जड लागतं. तीनचार तास सुकाणू धरणाऱ्याला हे खांद्यात कळतं.

म्हणून तार. आणि तार विंचवर नीट बसत नाही, हाताला कापते, म्हणून खाली दोराचं शेपूट. काही जुन्या बोटींवर तर सगळी तारच रिळासारख्या विंचवर गुंडाळायचे. त्या विंचचा ब्रेक सुटला की हँडल गरगर फिरून हात मोडल्याच्या गोष्टी जुने खलाशी सांगतात. तुमच्या बोटीवर तसली विंच नाही हे बरं आहे.

१९९० च्या सुमाराला डायनीमा, म्हणजे एका भक्कम कृत्रिम धाग्याची दोरी, बाजारात आली आणि चित्र पालटलं. ताण घेते तारेसारखी, पाण्यावर तरंगते इतकी हलकी, आणि हाताला मऊ. तिचेही अवगुण आहेत. ती अतिशय गुळगुळीत असते, त्यामुळे उघड्या डायनीमाला साधी बोलाइन गाठ मारली तर ती सरकत सरकत सुटू शकते. तिला टोकाला वीण घालावी लागते, आणि आत खुपसलेला भाग दोरीच्या जाडीच्या सत्तरपट तरी लांब हवा, शेवटाला निमुळता केलेला. ५ मिलिमीटरची दोरी असेल तर ३५ सेंटिमीटर. शिवाय उष्णता तिला सोसत नाही, दीडशे अंशांच्या आसपास ती वितळते, त्यामुळे विंचवरून भाराखाली सरसर सोडायची नाही.

माझा सल्ला: पॉलिएस्टरचं आवरण आणि आत डायनीमाचा गाभा अशी ८ मिलिमीटरची दोरी दोन्हीकडे घाला. वाटल्यास वरच्या भागातलं आवरण सोलून नुसता गाभा ठेवा, शर्यतवाले असं करतात. वजनही वाचतं.

क्रेनवाला_काका | मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, पटलं. पण एक शंका मनातून जात नाही. वायर तुटायच्या आधी काटे काढते, सांगून जाते. दोर सांगतो का?

शीडवाली | मंगळवार, दुपारी १:३०

सांगतो काका, पण वेगळ्या भाषेत. आवरणाला लव सुटते, एखादी जागा चपटी होते, हाताला कडक लागते, रंग उडतो. आवरण फाटून आतला गाभा दिसला तर ती दोरी थांबवायची. हे सगळं बोटांनी तपासता येतं आणि हात फाटत नाही.

तार मात्र एका जागी काहीच सांगत नाही: विणीच्या आत आणि दाबून बसवलेल्या नळीच्या आत. खारं पाणी तिथे साचतं, हवा लागत नाही आणि स्टेनलेसही आतून कुजतं. पंचगंगाकाठ दादांनी लिहिलेला तांबूस डाग मला काट्यांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

क्रेनवाला_काका | मंगळवार, दुपारी २:००

हे खरं. नळीच्या तोंडाशी गंज दिसला की आम्हीही स्लिंग कापून टाकायचो. ज्यांच्याकडे अजून वायर आहे त्यांनी दर हंगामाला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळून वायरवरून फिरवावा. जिथे सूत अडकेल तिथे तार तुटलेली आहे. उघडा हात कधीच फिरवू नये.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, रात्री ९:५०

मी समुद्र दोनदाच बघितलाय, पण पुल्या आयुष्यभर कातल्यात, म्हणून बोलतो.

दादा, ती जुनी पुली तशीच ठेवून त्यावर दोर घालू नका. वायरच्या पुलीची खाच अरुंद आणि खोल असते. ८ मिलिमीटरचा दोर त्यात बसणार न्हाई, दोन काठांवर चिमटला जाईल. आणि वायरने खाचेत बारीक दाते पाडलेले असतात. बोट घालून बघा, नख अडकतंय का. ते दाते दोराला करवतीसारखे.

नवी पुली कातून घ्या. खाच गोल पाहिजे, दोरापेक्षा किंचित मोठी. ८ च्या दोराला ८.६ व्यासाची गोलाई मी देईन.

माल कुठला, तर डेलरीन, म्हणजे एक टणक प्लास्टिक. नायलॉनचा रॉड स्वस्त पडतो, पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. भोक आवळतं, पुली पिनवर घट्ट बसते, मग फिरतच न्हाई. डेलरीनला ते दुखणं न्हाईच्या बरोबर. पिन स्टेनलेसची ३१६ ग्रेडची ठेवा. अॅल्युमिनियमची पुली करू नका, खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या पिनशी तिचं जमत न्हाई, पांढरी पावडर धरून जाम होते.

काठीच्या खाचेची रुंदी आतून कॅलिपरने मोजून आणा. टेपने न्हाई.

मिऱ्याचा_वारा | बुधवार, रात्री ८:१५

उशीर झाला, क्षमस्व. मी तार काढा असं एका ओळीत म्हणालो, त्यामागचं कारण लिहितो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका मित्राच्या बोटीवर गणपतीपुळ्याहून परत येत होतो. दुपारचा खारा वारा अंदाजापेक्षा जास्त चढला, म्हणून मोठं शीड अर्धं उतरवायचं ठरलं. हॅलयार्ड सोडली, शीड हातभर खाली आलं आणि अडकलं. ढील पडलेल्या तारेने शेंड्यावर उडी मारली होती आणि ती कप्पी आणि काठीची भिंत यांच्या फटीत पाचरीसारखी बसली होती. वर ओढता येईना, खाली येईना. वारा वाढतोय आणि पूर्ण शीड वर. शेवटी बोटीचं नाक वाऱ्यात धरून, इंजिनावर, शीड फडफडत ठेवून दोन तास काढले. शिडाची मागची कड चिंध्या झाली. बंदरात आल्यावर वर चढून पक्कडीने तार काढली. फट जेमतेम दीड मिलिमीटर होती, पण तार तिच्यात पिळून शिरली.

म्हणून शीडवाली ताईंच्या एका सूचनेला माझा विरोध आहे. आवरण सोलून बारीक गाभा ठेवला तर तो फटीत शिरायची शक्यता वाढते. शर्यतवाल्यांच्या कप्प्या त्या मापाच्या असतात आणि ते दर हंगामाला दोऱ्या बदलतात. तुमची बोट आठ महिने उन्हात उभी राहणार. उघड्या गाभ्यापेक्षा आवरण असलेला बरा. वाचणारं वजन सगळं धरून किलोभरही नाही, चोवीस फुटी बोटीला त्याने फरक पडत नाही.

आणि दुसरं, मोठ्या शिडाला डायनीमा हवीच का? आमच्याकडचे बहुतेक जण चांगल्या पॉलिएस्टरवर खूश आहेत.

शीडवाली | बुधवार, रात्री १०:०५

सोलण्याचा सल्ला मागे घेते. तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला.

मोठ्या शिडाचं म्हणाल तर तेही विचार करण्यासारखं आहे. अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जग फिरून दुसरे आले. त्या शर्यतीच्या नियमांत डायनीमासारखे आधुनिक धागे चालत नाहीत, पहिली शर्यत झाली त्या १९६८ च्या काळातलं तंत्रच वापरायचं. म्हणजे तीन महासागर त्या दोऱ्यांशिवाय पार होतात. रत्नागिरी ते जयगड तर नक्कीच होईल.

फरक असा की मोठ्या शिडाची पुढची कड ढिली पडली तर ती खालूनही ओढता येते. शिडाच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक कडी असते, तिच्यातून छोटी दोरी घालायची, कनिंगहॅम म्हणतात तिला. झोत वाढला की ती ओढा, सुरकुत्या जातात. जिबला बहुतेक बोटींवर अशी सोय नसते. जिबची पुढची कड ताठ राहिली नाही तर बोट वाऱ्याच्या दिशेने चढतच नाही. म्हणून पैसे कमी असतील तर चांगली दोरी जिबला द्या.

जाता जाता, कुणी हा धागा वाचून आपल्या लहान होडीची जिबची तार काढू नये. एंटरप्राइजसारख्या होडीत, जी जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखली, जिबची हॅलयार्डच काठीला पुढून ताठ धरते. तिथे तार लिव्हरने करकचून ताणतात आणि ती तारच योग्य आहे. चोवीस फुटी बोटीला पुढचा स्वतंत्र ताण असतो, म्हणून तिथे मोकळीक आहे.

पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री ११:००

आज आम्ही चौघे रंकाळ्यावर बसलो आणि हा सगळा धागा मोठ्याने वाचला. तारवाले दोघे काकांच्या वीसपटीच्या हिशेबावर गप्प झाले. खाचेत ८० मिलिमीटरची पुली मावत नाही, फार तर ७०. म्हणजे तार घातली तर ती पुन्हा तिथेच तुटणार. त्यांचा विरोध खरं तर खर्चाला होता, आणि तो रास्त होता.

ठरलं ते असं. दोन्ही पुल्या डेलरीनच्या, ८ मिलिमीटरच्या दोराला. जिबला डायनीमा गाभ्याची, मोठ्या शिडाला चांगलं, कमी लांबणारं पॉलिएस्टर, आणि एक कनिंगहॅम. पुढे कधी मोठ्या शिडालाही डायनीमा घालावी वाटली तर पुली तीच चालेल.

लेथ दादा, कॅलिपरने खाच १२ मिलिमीटर भरली. जुनी पुली १० ची होती. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर फट.

उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, सकाळी ८:१०

एक मिलिमीटर जास्त झाली. ११.२ ची करतो, दोन्हीकडं ०.४ राहील. काठ १.३ चा येतोय, बारीक आहे पण डेलरीन धरेल. कडा गोल मारून देतो. पिन घेऊन या, भोक पिन बघूनच करणार.

पंचगंगाकाठ | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

पुल्या बसल्या. बोटाच्या टोकाने फिरतात. जुन्या पुलीच्या खाचेत नख घालून पाहिलं, दादा म्हणाले तसं अडकलं.

नव्या दोऱ्या काठीच्या पोटातून ओढताना एक शिकलो, ते लिहून ठेवतो. जुनी तार आधी उपसून काढायची नाही. तिच्याच शेपटाला बारीक दोरी जोडायची आणि तार ओढत ती आत न्यायची, मग त्या दोरीने नवी हॅलयार्ड. जोड गाठीचा करायचा नाही, गाठ आत अडकते. दोन टोकं समोरासमोर धरून सुई-दोऱ्याने शिवली, वरून टेप गुंडाळला. पहिल्याच ओढीत आरपार. काठी आडवी असताना हे सोपं गेलं, उभ्या काठीत सुटलं असतं तर पुन्हा उतरवावी लागली असती.

जिबच्या दोरीचं टोक मी स्वतः विणलं, तीनदा उसवून. शिडाकडच्या टोकाला स्टेनलेसची शॅकल, म्हणजे उघडमिटीची कडी, आहे.

येत्या शुक्रवारी पहाटे पाचला टेम्पो निघतोय. नऊ मीटरची काठी आहे, घाटात धुकं असेल. मिऱ्याचा_वारा, काठी उभी करायला खाली किती माणसं लागतील?

मिऱ्याचा_वारा | शनिवार, रात्री १०:०२

तुम्ही चौघे आणि आम्ही तिघे, पुरे. घाटाच्या तोंडाशी थांबून उजाडू द्या आणि मगच उतरा, मागच्या टोकाला लाल फडकं बांधा. भरती साधारण किती वाजता आहे ते बघून आदल्या रात्री कळवतो. जुनी तार टाकू नका, तिचा तुटलेला तुकडा सोबत आणा. इथल्या तीन बोटींच्या मालकांना तो हातात द्यायचाय.

क्रेनवाला_काका | शनिवार, रात्री १०:३०

फडक्यात गुंडाळून न्या रे, उघडा नको.